चार भोकं, तीन जातींचे आटे: जुन्या माउझरवर दुर्बिणीचा बेस बसवण्याचं एक प्रकरण

इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी कुटुंबातली .३०-०६ कॅलिबरची स्पोर्टिंग रायफल, माउझर ९८ धाटणीच्या अॅक्शनवर, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो पोलादी रिसीव्हर यांच्या जोडीवर, बांधलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधी घरात शिकारीची परंपरा होती, तेव्हाची ही वस्तू. वारसाहक्काने परवाना पुढच्या पिढीकडे आला, आणि आता तिचा उपयोग रेंजवर कागदी लक्ष्यावर नेम धरण्यापुरता आहे. मालकाने एकसंध पोलादी रेल-बेस, म्हणजे रिसीव्हरवर बसणारी आणि दुर्बिणीच्या रिंगा धरणारी पट्टी, मागवला. त्याच्यासोबत चार ६-४८ मापाचे टॉर्क्स स्क्रू आले. त्यांतला एकच नीट बसला, बाकीचे तीन वेगवेगळ्या तऱ्हेने अडले. जिथे अडले तिथे मालकाने मिळतील ते स्क्रू लावले, दुर्बीण चढवली आणि रेंजवर नेली. गोळ्यांचे दोन वेगळे पुंजके पडले, आणि दहा-बारा फैरींनंतर बेस हाताने हलू लागला. त्यानंतर रायफल दुरुस्तीला आली.

कामाच्या आधी एक गोष्ट, कारण ती पुढच्या प्रत्येक निर्णयाला लागू पडते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा विषय आहे. रिसीव्हरला भोक पाडणं, मोठं करणं, त्यात टॅप मारणं (म्हणजे आटे पाडणं) हे सगळं परवानाधारक दुरुस्तीकारानेच करायचं. पोलोग्राउंडला किंवा सांवेर रोडला उत्तम लेथ आणि मिलिंगवाले आहेत, त्यांचा हात अचूक आहे, पण रायफल तिथे ठेवून येता येत नाही. सुटा बेस हा फक्त पोलादाचा तुकडा. त्याचं मशीनिंग कुठेही करून घ्या. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचे क्रमांक आणि ओळखखुणा खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. माउझरच्या पुढच्या रिंगवर (रिसीव्हरच्या पुढच्या गोल भागावर), म्हणजे नेमका जिथे बेस बसतो तिथेच, बऱ्याचदा ठसे असतात. म्हणून बेसखालचा पृष्ठभाग ‘जरा कानस मारून सपाट करू’ हा विचार पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायचा. जुळवाजुळव करायची ती बेसमध्ये, रिसीव्हरमध्ये नाही.

काय सापडलं

मॅगझिन रिकामं, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, बोल्ट बाहेर. मग दुर्बीण, रिंगा आणि बेस उतरवून चारही भोकं अॅसिटोनने धुतली. जुना डिंक, तेल आणि लोखंडाचा चुरा निघाल्याशिवाय आट्याबद्दल काहीही बोलणं व्यर्थ असतं.

नळीच्या बाजूने पहिलं भोक: ६-४८, आटे शाबूत. दुसरं भोक: मूळचं ६-४८, पण आट्यांचे माथे तासलेले, वरचे तीन आटे जवळजवळ गायब. मागच्या पुलावरची, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या भागावरची, दोन्ही भोकं: ४ बी.ए.

दुसऱ्या भोकातला स्क्रू निघाला तो साडेतीन मिलिमीटरचा मेट्रिक, बिजलीच्या स्विचप्लेटला लागतो त्या जातीचा. मालकाचं म्हणणं होतं, “काका, तो तर तीन आटे हातानेच गेला, म्हणून वाटलं हाच असेल. पुढे थोडा जोर लावावा लागला.” बहुतेक रायफली याच ‘थोड्या जोरा’ने बिघडतात, म्हणून त्याचं गणित मांडतो.

६-४८ म्हणजे ०.१३८ इंच व्यास, इंचाला ४८ आटे. मिलिमीटरमध्ये व्यास ३.५०५, पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) ०.५२९. मेट्रिक एम ३.५ चा व्यास ३.५, पिच ०.६. व्हर्नियरवर दोन्ही सारखेच दिसतात. पिचमधला फरक प्रत्येक आट्याला ०.०७१ मिमी. पहिल्या दोन-तीन आट्यांत हा फरक ढिलाईत खपून जातो आणि स्क्रू अगदी घरचा असल्यासारखा आत शिरतो. तिसऱ्या आट्यापर्यंत चूक ०.२१ मिमी होते, म्हणजे ६-४८ च्या पिचच्या चाळीस टक्के. आता स्क्रूच्या आट्याची कड भोकाच्या आट्याच्या मधोमध चढते. स्क्रू कडक असेल तर भोक तासतो, मऊ असेल तर स्वतः सोलवटतो. आणि पान्याला लागणारा जोर वाढतो, म्हणून हाताला वाटतं की स्क्रू आवळला गेला. वास्तविक तो जोर आटे एकमेकांवर घासण्यात खर्च झालेला असतो, बेसवर दाब जवळपास शून्य. टॉर्क पानादेखील अशा वेळी ‘टक्’ करून खोटी ग्वाही देतो.

४ बी.ए. इथे कुठून आला हे समजून घेणं उपयोगाचं आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या रायफलींवर तो पुन्हा पुन्हा भेटतो. बी.ए. म्हणजे ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये सुचवलेली लहान स्क्रूंची मालिका. स्विस थ्युरी आट्यावर बेतलेली, कोन साडेसत्तेचाळीस अंश. इंग्रजी धाटणीची मीटरं, रेडिओ, विजेची उपकरणं यांच्यात सर्वत्र हेच स्क्रू. म्हणून टॅपही सहज मिळत, आजही सियागंजातल्या टूल्सच्या दुकानात ४ बी.ए. चा टॅप मागितला तर मिळण्यासारखा असतो. ६-४८ चा टॅप मिळत नाही. साहजिकच कधीतरी कुणीतरी हाताशी होता तो टॅप वापरला. त्या कारागिराने भोकं सरळ पाडली होती, खोलीही राखली होती. चुकलं एवढंच की कुठे लिहून ठेवलं नाही.

४ बी.ए. चा व्यास ३.६, पिच ०.६६, भोकाचा आतला व्यास सुमारे २.८१. त्यात ६-४८ स्क्रू दीड-दोन फेरे जातो आणि अडकतो. उलट ४ बी.ए. चा स्क्रू ६-४८ च्या भोकात सुरूच होत नाही. ही एकतर्फी वागणूकच ओळखायला उपयोगी पडते.

आटा ओळखायचा कसा

स्क्रू हातात असेल तर एका आट्यावर विश्वास ठेवू नये. दहा आट्यांची लांबी मोजावी: ६-४८ असेल तर ५.२९ मिमी, मेट्रिक साडेतीन असेल तर ६.०, ८-४० असेल तर ६.३५, ४ बी.ए. असेल तर ६.६, एम ४ असेल तर ७.०. बेसचे स्क्रू आखूड असतात, दहा आटे मिळत नाहीत. पाच मोजा आणि दुप्पट करा, पण भिंगाखाली.

पिच गेजची एक फसगत इथे सांगायलाच हवी. ६ बी.ए. चा पिच ०.५३ आणि ६-४८ चा ०.५२९. गेजच्या पात्यावर दोन्ही सारखेच बसल्याचा भास होतो. पण ६ बी.ए. चा व्यास २.८ मिमी आहे आणि आट्याचा कोन वेगळा. म्हणजे व्यास आणि पिच दोन्ही जुळल्याखेरीज नाव द्यायचं नाही, आणि उजेडासमोर पातं धरून कडांच्या बाजूंनी प्रकाश येतो का तेही पाहायचं.

स्क्रू हरवला असेल आणि फक्त भोक असेल, तर टोक काढलेली मऊ लाकडी काडी भोकात घट्ट दाबून फिरवून काढावी. तिच्यावर आट्यांचे वळ उमटतात, ते भिंगाखाली मोजता येतात. त्यानंतर ओळखीच्या, खात्रीच्या नव्या स्क्रूने खातरजमा करायची: दोन बोटांनी, पान्याशिवाय, शेवटपर्यंत. चौथ्या-पाचव्या आट्यालाही बोटांनाच जात असेल तरच तो त्या भोकाचा स्क्रू. तीन आटे जाणं हा पुरावा नव्हे.

कुठला आटा निवडायचा

इथे सगळं प्रकरण ठरतं. चार पर्याय समोर होते, आणि प्रत्येकाची पारख एकाच आकड्यावर केली: जुने आटे पूर्ण पुसले गेल्यावर नव्या आट्याची उंची किती टक्के उरते. जुन्या आट्यांचे अवशेष ठेवून त्यावर नवा टॅप मारला तर दोन मळसूत्रं एकमेकांना छेदतात आणि धातूचे सुटे कपचे उरतात. ते पहिल्या आवळणीतच मोडतात. म्हणून आधी सगळं साफ. ६-४८ चा मोठा व्यास ३.५, ४ बी.ए. चा ३.६. अर्थात चारही भोकं ३.६ मिमी झाल्याशिवाय स्वच्छ भिंत मिळणार नाही.

पहिला पर्याय, चारही ४ बी.ए. करणं. टॅप स्वस्त, मागची दोन तयारच. पण पुढच्या ६-४८ भोकांत आटे आधीच ३.५ पर्यंत खोल गेलेले. ४ बी.ए. ला प्रत्येक बाजूला जेमतेम ०.०५ मिमी नवा धातू मिळतो. बाद.

दुसरा, एम ४ × ०.७. भारतात राहणाऱ्या कुणालाही हाच आधी सुचतो, आणि त्यात गैर काही नाही. १२.९ दर्जाचे अॅलन स्क्रू हव्या त्या लांबीत मिळतात, टॅप तर कुठेही. पण त्याला भोक हवं ३.३ चं. आपलं झालंय ३.६. उरणारी आट्याची उंची सुमारे ४४ टक्के. दार-खिडकीला चालेल, .३०-०६ च्या धक्क्याला नाही.

तिसरा, एम ४ × ०.५. बारीक पिच, ३.६ च्या भोकातही ६२ टक्के मिळतात. कागदावर हा पर्याय वाईट नाही. अडचण स्क्रूंची आहे. कडक पोलादाचा, योग्य डोक्याचा एम ४ × ०.५ स्क्रू हुडकत बसावं लागतं, आणि एक स्क्रू हरवला की पुढचा माणूस त्यात साधा एम ४ घुसवणार हे ठरलेलं.

चौथा, ८-४०. व्यास ०.१६४ इंच म्हणजे ४.१६६ मिमी, पिच ०.६३५. बंदुकांच्या कामात ६-४८ भोक बिघडलं की त्याच्यावरचा हा रुळलेला माप आहे. त्याचा नेमका ड्रिल २८ नंबरचा, ३.५७ मिमी, त्यातून ७२ टक्के. आपल्या ३.६ मधून ६९ टक्के. मूळ ६-४८ ला त्याच्या ३१ नंबरच्या ड्रिलमधून मिळतात ६६. म्हणजे नवा आटा जुन्यापेक्षा उंचीत कमी नाही, व्यासाला मात्र जाड, आणि ३.६ चा ड्रिल सियागंजात मिळतो. टॅप आणि स्क्रू तेवढे मागवावे लागतात.

८-४० ठरला. पहिल्या, शाबूत भोकाचं काय, हा प्रश्न उरला. चांगलं भोक उगाच का बिघडवायचं, असं वाटणं रास्त आहे. तरीही चारही एकाच मापाची केली. एका बेसवर दोन जातींचे स्क्रू राहिले की त्यांची आवळणी वेगळी, लांबी वेगळी, आणि दहा वर्षांनी बेस काढणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही. ही रायफल अशाच मिसळीमुळे दुरुस्तीला आली होती.

हेलिकॉइलचा (मोठ्या केलेल्या भोकात बसवायच्या तारेच्या आट्यांचा) विचार केला नाही, कारण तेवढी जाडी नाही. वेल्डिंग करून भोकं बुजवणं पुढच्या रिंगवर कधीच करू नये. तिथेच बोल्टचे लग (त्याला कुलपासारखे जागी धरणारे दात) अडतात आणि काडतुसाचा सगळा दाब पेलला जातो. माउझर ९८ चा रिसीव्हर वरून कडक कातडी आणि आत मऊ गाभा अशा प्रक्रियेचा असतो. तिथे उष्णता दिली की ती रचनाच बिघडते. ड्रिल जात नाही म्हणून ज्योत दाखवून मऊ करणं हीही त्याच जातीची चूक.

रिसीव्हरवरचं काम

नळीसकट अॅक्शन कुंद्यातून काढली, व्ही-ब्लॉकवर ठेवली, आणि रिसीव्हरच्या खालच्या सपाट पृष्ठभागावर डायल फिरवून समतल केली. वरचा गोल भाग पाहून समतल ठरवायचं नाही. जुन्या अॅक्शनवर पूर्वी हाताने कानस चाललेली असते.

भोक मोठं करायला थेट ड्रिल लावला तर तो जुन्या भोकाच्या मागे जातो आणि एका कडेला झटका देऊन अडकतो. म्हणून आधी ३.५ चा कार्बाइड एंडमिल, मशीन कडक धरून, हळू. तो वरच्या कडक कातडीतून सरळ खाली येतो आणि मध्य राखतो. त्यानंतर ३.६ चा नवा ड्रिल. भोकाच्या भिंतीचा मधला भाग मऊ असतो. त्रास देते ती फक्त वरची, आणि आरपार भोकात खालची, पातळ कातडी. ड्रिल बाहेर पडताना दाब कमी करायचा तो तिच्यासाठी.

खोली हा यातला सर्वांत गंभीर भाग. मोठ्या रिंगच्या माउझरचा पुढचा व्यास ३५.८ मिमी, नळीच्या आट्यांचा २७.९. म्हणजे नळीवर उभं राहणाऱ्या पहिल्या भोकाला एकूण जाडीच मिळते सुमारे ३.९ मिमी, आणि त्याच्याखाली नळीची मागची बाजू, जिच्यात चेंबर आहे. इथे भोक ३.५ मिमीवर थांबवलं, मशीनचा स्टॉप लावून. ३.५ मिमीत ८-४० चे साडेपाच आटे मिळतात. तेवढे पुरतात. दुसरं भोक लगच्या पोकळीवर येतं, ते आरपार होतं. मागच्या पुलाची जाडी भोकांपाशी ४.४ मिमी भरली, तीही आरपार.

टॅप तीन: टेपर, प्लग, बॉटमिंग. मशीनच्या स्पिंडलमध्ये सेंटर धरून, हाताने फिरवत. गंधकयुक्त कटिंग तेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून चुरा झाडायचा. पहिल्या भोकात बॉटमिंग टॅपचं टोक दगडावर सपाट केलं, नाहीतर तळाचा एक-दीड आटा वाया जातो. आरपार भोकांखाली ग्रीस लावलेला कापूस ठासला, म्हणजे चुरा लगच्या खाचेत जात नाही. इथे टॅप मोडला तर तो काढायला स्पार्क मशीन लागतं. इंदूरमध्ये ते डाय बनवणाऱ्यांकडे आहे, पण आधी सांगितलं तसं, रायफल तिथे जाऊ शकत नाही. ही शक्यता डोळ्यांसमोर ठेवली की हात आपोआप सावकाश चालतो.

मागच्या एका भोकात ३.६ चा ड्रिल घालूनही आधीच्या टॅपची थोडी रेघ दिसत होती. गेज-पिन ३.६५ ची गेली. तिथे आट्याची उंची ६२ टक्क्यांवर आली. तरी आरपार भोकात साडेसहा आटे मिळत असल्याने ते मान्य केलं. याहून मोठं झालं असतं तर एम ५ शिवाय वाट नव्हती, आणि त्याचं डोकं या बेसमध्ये मावलं नसतं.

बेस

६-४८ साठी बनलेल्या बेसची भोकं ८-४० ला पुरत नाहीत. पुढची दोन ४.३ मिमी केली. मागची दोन ४.५, कारण रिसीव्हरवरची मागची भोकं नळीच्या रेषेपासून ०.२ मिमी डावीकडे निघाली. ती रेषा रिसीव्हरवर दुरुस्त करण्याचा मोह आवरला. बेसला थोडी मोकळीक दिली की बेस नळीच्या रेषेत बसतो आणि स्क्रू फक्त दाबायचं काम करतात. स्क्रूने बेसला दिशा द्यायची नसते.

डोक्याची खाच हातातल्या स्क्रूचं डोकं मोजून, त्यापेक्षा ०.२ मिमी मोठी, सपाट तळाच्या काउंटरबोअरने केली. तळ सपाट हवा. शंकूच्या आकाराचा तळ आणि सपाट डोकं यांच्यात फक्त एक कड टेकते, आणि ती काही फैरींत चेपून स्क्रू सैल होतो. डोक्याखाली उरलेली जाडी पुढे ३.०, मागे ३.४ मिमी. अॅल्युमिनियमचा बेस असता तर इतकं कोरल्यावर तो बदलायलाच सांगितलं असतं.

आता बैठक. पुढचे दोन स्क्रू हलके आवळून मागे फिलर गेज घातला: ०.२८ मिमीची फट. माउझरची पुढची रिंग आणि मागचा पूल बऱ्याचदा नंतर घासले गेलेले असतात. अशी फट ठेवून मागचे स्क्रू आवळले की बेस वाकतो, त्याच्याबरोबर रिंगा, आणि शेवटी दुर्बिणीची नळी. ‘दुर्बीण खराब निघाली’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं.

बेसच्या मागच्या भागाखाली पोलादी पूड घातलेलं इपॉक्सी भरलं. बेसचा खालचा पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत आणि अॅसिटोनने कोरडा. रिसीव्हरला मेणाचे दोन पातळ हात, म्हणजे इपॉक्सी बेसला चिकटतं, रिसीव्हरला नाही, आणि खालचे ठसे झाकले गेले तरी जसेच्या तसे राहतात. भोकांत प्लॅस्टिसिन, स्क्रूंनाही मेण. पुढचे स्क्रू आवळायचे, मागचे फक्त बोटांनी टेकवायचे. मागचे आवळले तर फट बुजवण्याचा हेतूच मारला जातो. चोवीस तास हात लावायचा नाही. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी चांगलीच असते, तेव्हा आणखी एक दिवस द्यावा. मे महिन्यात उलट, मिश्रण हातात असतानाच घट्ट होऊ लागतं, थोडं थोडंच कालवावं.

स्क्रूंची लांबी

डोक्याखालची जाडी अधिक भोकातली उपयोगी खोली, त्यातून ०.३ मिमी वजा. पहिल्या भोकासाठी ३.० + ३.५ − ०.३ म्हणजे ६.२ मिमी. हा स्क्रू लांब राहिला तर भोकाच्या तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो, बेसला दाबत नाही. खोट्या आवळणीचा हा दुसरा प्रकार, आणि दबाव थेट चेंबरच्या बाजूला. दुसरा स्क्रू लांब असेल तर बोल्टच्या लगला लागतो, मागचे दोन बोल्टच्या अंगावर ओरखडे काढतात.

कापण्याआधी स्क्रूवर ८-४० ची डाय चढवून ठेवायची, मग कापून, कानस मारून, स्क्रू डायमधून उलटा काढायचा. शेवटचा आटा आपोआप साफ होतो. चारही लांबी वेगळ्या निघाल्या, म्हणून प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकाच्या क्रमांकासह वेगळ्या पुडीत ठेवला.

तपासणी मार्किंग ब्लूने: बोल्टच्या लगांना आणि अंगाला पातळ थर, बोल्ट आत, दहा वेळा उघडझाप. स्क्रूच्या टोकांवर निळा डाग आला तर स्क्रू अजून लांब आहे. इथे तिसऱ्यावर आला, ०.२ मिमी काढल्यावर गेला.

आवळणी आणि चाचणी

सगळं पुन्हा अॅसिटोनने धुऊन, कोरडं करून, स्क्रूंना लॉकटाइट २४३ चा एकेक थेंब. पहिल्या, बंद तळाच्या भोकात थेंब टाकायचा नाही, फक्त स्क्रूच्या आट्यांना पुसायचा. आत अडकलेला द्रव दाबला जात नाही आणि स्क्रू पुन्हा खोटा घट्ट लागतो. आवळणी २५ इंच-पाउंड, म्हणजे २.८ न्यूटन-मीटर, दोन टप्प्यांत, आडवातिडवा क्रम. ६-४८ असते तर १५ ते २० वर थांबलो असतो. रिंगांच्या टोप्या १५ ते १८ इंच-पाउंड, दोन्ही बाजूंच्या फटी समान ठेवून.

कापलेल्या कडांना कोल्ड ब्लू आणि तेलाचा हात दिला. बेसखाली पावसाळ्यात ओल धरते, तिथला गंज बेस काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा, दसऱ्याच्या शस्त्रपूजेला रायफल बाहेर निघतेच तेव्हा, स्क्रूंच्या कडेने तांबूस रेघ उतरली आहे का ते पाहावं.

दुर्बिणीचा प्राथमिक नेम बोल्ट काढून नळीतून दूरच्या खुणेकडे पाहून जुळवला. उभी दुरुस्ती आणि आडवी दुरुस्ती दोन्ही मधल्या टप्प्यात बसल्या. बेस नळीच्या रेषेत आल्याची ही सोपी खूण आहे. आडव्याचा बहुतेक प्रवास एका बाजूला संपत असता, तर बेस तिरका आहे असं समजून पुन्हा उतरवला असता. स्क्रूच्या डोक्यापासून बेसपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढली. चोवीस तासांनी, परवानगी असलेल्या रेंजवर, पाच-पाच फैरींनी तपासणी. प्रत्येक पाचानंतर रेघ पाहायची, पाना लावायचा नाही. पान्याने पुन्हा आवळलं की लॉकटाइट मोडतो आणि सैल झालं होतं की नव्हतं हेही कळत नाही. रेघा जागच्या जागी राहिल्या, पुंजका एकच पडला.

महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आणि सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज जवळ असल्याने आपल्या भागात नेमबाजीची समज चांगली आहे. जुन्या खासगी रायफलींचं काम मात्र बहुतेक वेळा आठवणीवर चालतं. म्हणून या रायफलीसोबत एक कागद दिला: चारही भोकं ८-४०, ड्रिल ३.६, चौथ्यात ३.६५, स्क्रूंच्या लांबी क्रमाने, पहिलं भोक बंद तळाचं, खोली ३.५, आवळणी २५ इंच-पाउंड, मागच्या बैठकीत इपॉक्सी, रिसीव्हरपासून सुटं. एक प्रत परवान्याच्या फाइलमध्ये, दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुंद्याच्या मागच्या पत्र्याखाली, आणि तिच्यासोबत दोन जादा स्क्रू.